कॅमेऱ्याची तिपाई आणि तिचें डोकें

खळ्यावर उपणणी करतांना शेतकरी तिवईवर उभा राहतो. जमीन उंचसखल असली, तरी तिवई डुगडुगत नाहीं. कारण कोणत्याहि तीन बिंदूंतून एक सपाटी जातेच, आणि चौथ्या पायाचा तंटा तेथें उद्भवत नाहीं. कॅमेऱ्याला तीनच पाय कां, याचें उत्तर एवढेंच आहे. परंतु तिपाई विकत घेणाऱ्याचें खरें दुखणें पायांत नसून डोक्यांत असतें. हें विधान तिपाईच्या डोक्याविषयीं आहे, ग्राहकाच्या नव्हे. डोकें म्हणजे पायांवर बसणारा तो सांधा, कीं ज्याच्या योगानें कॅमेरा डावी-उजवीकडे वळतो आणि वर-खालीं झुकतो.

स्थिर छायाचित्राला कॅमेरा एकदां रोखून घट्ट आवळला कीं काम भागतें. चलच्चित्राचें तसें नाहीं. १८९७ सालीं लंडनमध्यें व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या हीरकमहोत्सवाची मिरवणूक निघाली, तेव्हां ती टिपण्यासाठीं रॉबर्ट पॉल यानें तिपाईवर फिरतें डोकें बसविलें. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनमध्यें घेतलेला विल्यमसन कॅमेरा हातानें दांडा फिरवून चालवावयाचा होता. एक हात दांड्यांत गुंतल्यावर तिपाईवांचून तो सांभाळणार कोण? पुढें पुष्कळ वर्षें हीं डोकीं दांतेरी चाकांचीं किंवा कोरड्या घर्षणाचीं असत. १९४६ सालीं ऑस्ट्रेलियांतील एरिक मिलर यांनीं द्रव भरलेल्या डोक्याचें पेटंट घेतलें. तिकडे अमेरिकेंत चॅडवेल ओकॉनर या इंजिनिअराला वाफेच्या आगगाड्यांचीं चित्रें घेण्याचा नाद होता. धांवत्या गाडीबरोबर कॅमेरा गचका न खातां वळावा, म्हणून त्यानें द्रवाचें डोकें स्वतः घडविलें. पुढें याच कल्पनेबद्दल त्याला १९७५ सालासाठींचें अकॅडमीचें तांत्रिक पारितोषिक मिळालें. बाजारांत ज्याला ‘फ्लुइड हेड’ म्हणतात तें हेंच.

द्रवानें असें काय साधतें? जड पेटारा जमिनीवरून ढकलतांना प्रथम तो मुळींच हालत नाहीं, जोर वाढवावा लागतो, आणि मग तो एकदम पुढें सरकतो. कोरड्या घर्षणाचा हा स्वभाव आहे. स्थिर असतांना अडवणूक अधिक, आणि गति मिळाली कीं कमी. उलट काकवीच्या भांड्यांत पळी फिरवून पाहावी. पळी थांबलेली असतांना काकवी तिला अडवीत नाहीं. सावकाश फिरविली तर थोडी अडविते, जोरानें फिरविली तर फार अडविते. म्हणजे हात अडखळून क्षणभर वेगानें गेला, तर काकवी त्या वेगालाच नेमका लगाम घालते. फ्लुइड हेडमध्यें एकमेकींजवळ बसविलेल्या चकत्यांच्या फटींत दाट सिलिकोन द्रवाचा पातळ थर असतो आणि तो काकवीचें हेंच काम करतो. सिलिकोन घेण्याचें कारण असें कीं थंडी-उन्हानें त्याचा दाटपणा इतर तेलांइतका बदलत नाहीं.

हाताचा गचका पडद्यावर केवढा दिसतो, याचा हिशेब थोडका आहे. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ५० मिलिमीटरचें भिंग सुमारें ४० अंशांचा आडवा प्रदेश पाहतें. २०० मिलिमीटरचें भिंग सुमारें १० अंशांचा. तेव्हां हात एका अंशानें हुकला, तर पहिल्या भिंगांत चित्र चाळिसाव्या हिश्श्यानें सरकतें, दुसऱ्यांत दहाव्या हिश्श्यानें. पालखीसोहळ्यांतील वाखरीचें गोल रिंगण डोळ्यांपुढें आणावें. अश्व सुटतो, गर्दीच्या कडेनें तिपाई मांडलेला मनुष्य लांब भिंगानें त्याच्या मागें कॅमेरा वळवीत असतो. डोकें चिकटून सुटणारें असेल, तर घोडा कधीं चौकटीच्या पुढें, कधीं मागें, आणि चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांना शीण. अश्वाला पुन्हां धांवा असें सांगतां येत नाहीं. तालुक्याच्या गांवीं फोटोचें दुकान चालविणाऱ्या मनुष्याची नित्याची अडचण हीच असते. लग्नांतील सप्तपदी, शाळेच्या संमेलनांतील एखाद्या मुलीचें एकच भाषण, वृद्ध कीर्तनकाराचें अखेरचें कीर्तन, यांपैकीं कशालाहि दुसरी वेळ नसते. त्यांतून त्याला छायाचित्रें आणि चलच्चित्रें या दोहोंसाठीं एकच तिपाई परवडत असते. पुष्कळ वेळां असें होतें कीं सारा पैसा कॅमेरा व भिंगांत जातो, उरल्यासुरल्यांत तिपाई घेतली जाते, ती वर्षांत निकामी ठरते, आणि दुसरी व तिसरी घेऊन झाल्यावर हिशेब केला, तर त्या पैशांत आरंभींच उत्तम तिपाई आली असती.

तेव्हां पाहावें काय? प्रथम स्वतःचा कॅमेरा, सर्वांत जड भिंग, मायक्रोफोन, दिवा, जें जें वर चढावयाचें आहे तें एकत्र तोलून घ्यावें. मग डोक्याचा समतोल विचारावा. कॅमेरा पुढें झुकला कीं त्याचें वजन त्याला आणखी खालीं ओढतें. समजा, सामान दोन किलोग्रॅमचें आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य झुकण्याच्या आसापासून १२ सेंटिमीटर उंच आहे. ३० अंश झुकविल्यावर तो आसाच्या ६ सेंटिमीटर पुढें येतो. म्हणजे सहा सेंटिमीटरच्या दांडीला दोन किलो वजन टांगल्याइतकी ओढ लागते. चांगल्या डोक्याच्या पोटांतील स्प्रिंग ही ओढ उलट बाजूनें तोलून धरते. अशा डोक्यावर कॅमेरा कोणत्याहि कोनांत सोडला, तरी तो तेथेंच राहतो.

येथें दुकानदाराच्या एका शब्दाविषयीं सावध राहिलें पाहिजे. ‘हें डोकें आठ किलो पेलतें,’ असें तो सांगतो. पेलणें वेगळें आणि तोलणें वेगळें. पेलण्याचे आंकडे सर्व कारखाने एकाच मापानें काढीत नाहींत. शिवाय तोलण्याला वरची मर्यादा असते तशी खालचीहि असते. चार ते आठ किलोसाठीं बसविलेल्या स्प्रिंगवर दीड किलोचा कॅमेरा ठेवला, तर तो खालीं झुकविला तरी उसळून वर येतो. जड डोकें तेवढें चांगलें ही समजूत म्हणूनच फसवी आहे. ज्याचा कॅमेरा आज हलका आणि पुढें जड होणार आहे, त्यानें टप्प्याटप्प्यानें कमी-जास्त करतां येणारी स्प्रिंग पाहावी. द्रवाच्या अडवणुकीलाहि असेच टप्पे असावेत. लांब भिंगाला अधिक, जवळच्या चित्राला कमी. स्वस्त मालांत ही सोय एकाच मळसूत्रावर भागविलेली असते, आणि कित्येक डोक्यांवर ‘फ्लुइड’ हा शब्द छापलेला असून आंत नुसतें ग्रीस लावलेलें कोरडें घर्षणच असतें.

पाय निवडतांना उंचीचा मोह आवरावा. मधला दांडा वर काढून उंची वाढविली, कीं तीन पायांवर एकपायी खांब उभारल्यासारखें होतें. वारा आला कीं तो थरथरतो. पाय स्वतःच्या लांबीनें डोळ्यांपर्यंत आले पाहिजेत. कार्बन तंतूचे पाय हलके असतात आणि थरथर लवकर शमवितात. अॅल्युमिनियमचे स्वस्त, आदळआपट सोसणारे. डोंगर चढावयाचा नसेल तर अॅल्युमिनियमनें कांहीं बिघडत नाहीं. पायांच्या माथ्याशीं अर्धगोल वाटी असली तर फार सोय होते; ७५ मिलिमीटरची वाटी लहान कॅमेऱ्यांना पुरते, त्याहून जड सामानाला १०० मिलिमीटरची. खालची मूठ सैल करून डोकें वाटींत फिरवावें आणि पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणावा. तीन पाय पुन्हां पुन्हां लहानमोठे करण्याची यातायात वांचते. पाणसळ साधली नाहीं, तर सुरुवातीला सरळ दिसणारें क्षितिज कॅमेरा वळल्यावर तिरपें होतें.

आतां ज्याला छायाचित्रेंहि घ्यावयाचीं आहेत, त्याची गोष्ट. फ्लुइड हेड वळतें आणि झुकतें. परंतु कॅमेरा कुशीवर आडवा पाडून उभें चित्र घेण्याची सोय त्यांत सहसा नसते. नवरा-नवरीचें उभें चित्र हवें असेल तर कॅमेऱ्याला काटकोनी पट्टी लावावी लागते. तसेंच ज्या पट्टीवर कॅमेरा बसतो, ती लांब आणि पुढें-मागें सरकणारी असावी. भिंग बदललें कीं भार पुढें जातो, तो पट्टी मागें सरकवून सांवरतां येतो. कॅमेऱ्याच्या बुडाचा स्क्रू पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा असतो. जड सामानाला तीन-अष्टमांश इंची, सोळा आट्यांचा. हीं मापें सर्वत्र एक आहेत, पण वरच्या पट्ट्यांचीं नाहींत. एका कारखान्याची पट्टी दुसऱ्याच्या डोक्यावर बसेलच असें नाहीं, हें आधींच पाहून घेतलेलें बरें. ज्याचें नव्वद टक्के काम स्थिर चित्रांचें आहे, त्याला गोळ्याचें साधें डोकें अधिक हाताशीं येईल, आणि त्यानें फ्लुइड हेडवर पैसा घालूं नये.

दुकानांत जातांना आपलें सर्व सामान बरोबर न्यावें. रिकामें डोकें फिरवून कांहींच कळत नाहीं. कॅमेरा चढवून समतोल साधावा, मग मूठ सोडावी. तो हालला तर स्प्रिंग जमत नाहीं. नंतर अडवणूक मध्यम ठेवून, भिंतीवरील एखाद्या खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत शक्य तितक्या सावकाश वळावें, आणि पडद्यावर चित्र आरंभीं उडी घेतें काय तें पाहावें. शेवटीं हात काढावा. चित्र किंचित् मागें परत येत असेल, तर डोक्यांत किंवा पायांत पीळ सांचत आहे. पाय धरून माथा हातानें पिळला असतां पीळ कोठें आहे तेंहि समजतें. चांगलीं डोकीं दोन कॅमेरे जुने होईपर्यंत टिकतात, म्हणून याच पद्धतीनें तपासून वापरलेलें डोकेंहि घेण्यास हरकत नाहीं. फक्त सांध्यांतून तेल पाझरल्याचे डाग नसावेत.

कोंकणच्या किनाऱ्यावर काम करून आल्यावर पाय गोड्या पाण्यानें धुवून, उघडून, सावलींत वाळवावेत. वाळूचा एक कण कुलपांत राहिला तरी नळी खरवडते. डोक्यावर मात्र पाणी ओतूं नये, ओल्या फडक्यानें पुसावें. पेटींत ठेवतांना त्याचीं कुलपें सैल सोडावीं आणि उचलतांना मुठीला धरून कधींहि उचलूं नये.