मारामारीचा सिनेमा पाहून मुलाची झोप उडाली, तर ते काय समजायचे?

‘डॉक्टर, त्या पिच्चरनं माझ्या पोराचं डोकं फिरवलं.’ दवाखान्यात हे वाक्य मी वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकतो. सिनेमाचे नाव दर वेळी वेगळे असते. काही काळापूर्वी एका आईने नाव घेतले ते ‘नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा’ या सिनेमाचे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. महेश मांजरेकर यांचा हा मराठी सिनेमा १४ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. तो कथाकार जयंत पवार यांच्या कथेवर बेतलेला आहे. १९८२च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि लालबाग-परळच्या चाळींमधल्या अनेक घरांचा आधार गेला. त्या पडझडीत वाढलेली, गुन्हेगारीत शिरलेली अल्पवयीन मुले या सिनेमात आहेत. रक्त, शिव्या आणि लैंगिक दृश्ये, सगळे उघड. ट्रेलर आल्याबरोबर तक्रारी झाल्या आणि राष्ट्रीय महिला आयोगाने केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला पत्र लिहिले. सिनेमाला ‘ए’ प्रमाणपत्र होते, म्हणजे फक्त १८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी. पण ट्रेलर आणि तुकडे मोबाइलवर फिरले आणि मोबाइलच्या दारात तिकीट तपासणारा कोणी नसतो.

या सिनेमाबद्दल आमच्या नगरमध्येही दोन तट पडलेले मी पाहिले. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, ‘असले दाखवायलाच नको, पोरे हेच उचलतात.’ एमआयडीसीत कामाला जाणारा विशीतला मुलगा म्हणाला, ‘सर, त्यात खोटं काय आहे? मुंबईचं राहू द्या, आमच्या गल्लीत येऊन बघा.’ पाथर्डीकडच्या ऊसतोड कुटुंबातल्या एका आजींनी सिनेमा पाहिलेला नव्हता, पण नातवाच्या मोबाइलमधले कोयता फिरवणारे व्हिडिओ पाहिले होते. त्या म्हणाल्या, ‘कोयता म्हंजी आमची भाकर, बाबा. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हनत्यात आमच्यात. अन् ही पोरं त्याच्यासंगं फोटू काढून मिरवत्यात.’ त्या आजींचे म्हणणे मला सर्वांत जास्त लक्षात राहिले.

सिनेमा चांगला की वाईट, हे ठरवणे माझे काम नाही. मी एमबीबीएस डॉक्टर आहे, समीक्षक नाही. असा सिनेमा पाहिल्यावर शरीरात आणि मनात काय होते आणि आई-वडिलांनी कशाची काळजी करायची, एवढे सांगतो.

शरीरात काय होते?

पडद्यावरचे रक्त खोटे आहे, हे आपल्याला माहीत असते. पण मेंदूचा धोका ओळखणारा भाग इतका विचार करत बसत नाही. तो आधी घंटा वाजवतो, खरे-खोटे नंतर पाहतो. ॲड्रिनलिन वाढते, छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, पोटात गोळा येतो. निरोगी माणसात हे थोड्या वेळात ओसरते आणि त्यापासून अपाय होत नाही. मात्र रात्री अकराला असा सिनेमा संपवून लगेच अंथरुणावर पडले तर झोप लागत नाही, कारण शरीर अजून पळायच्या तयारीत असते.

काही जणांना रक्त बघून चक्कर येते. त्यात नाडी आणि रक्तदाब एकदम खाली येतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. हा भित्रेपणा नव्हे. धट्टीकट्टी माणसेही अशी पडतात. अशा माणसाला आडवे झोपवा, पाय उशीवर उचलून ठेवा. बसते करू नका, तोंडात पाणी ओतू नका, कांदा किंवा चप्पल नाकाशी धरू नका. एक-दोन मिनिटांत शुद्ध येते. आली नाही, झटके आले, किंवा छातीत दुखू लागले, तर सिनेमाला दोष देत बसू नका, दवाखाना गाठा.

लहान मुलांचे वेगळे का असते?

साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला ‘हे नाटक आहे’ असे सांगितले तर ते मान डोलावते, पण रात्री त्याच्या उपयोगी ते पडत नाही. त्याच्यासाठी दिसले ते घडले. अशी मुले नंतर एकटी झोपत नाहीत, अंथरूण ओले करतात, पोट दुखते म्हणतात. त्याहून मोठ्या मुलांना पडद्यावरचे खोटे आहे हे कळते. त्यांना भीती वाटते ती ‘आपल्या घरी असे झाले तर?’ याची. तेरा-चौदाच्या मुलांचे आणखी निराळे. ती घाबरल्याचे कबूलच करत नाहीत. हसतात, ‘भारी होता’ म्हणतात आणि चिडचिडी होतात.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. आठवडाभर ती तुटली तर कोणतेही मूल आदळआपट करणारच. पालक येऊन सांगतात, ‘सिनेमा पाहून पोरगं तापट झालं.’ त्यातला बराचसा तापटपणा निव्वळ अपुऱ्या झोपेचा असतो.

पाहून मूल तसेच वागायला शिकते का?

अनुकरण मुले करतात, यात शंका नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तीन ते सहा वर्षांच्या काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला बदडले. नंतर मुलांना तशीच बाहुली दिली, तर ती मुलेही तिला तसेच बदडू लागली. १९६३ मध्ये हेच दृश्य फिल्मवर दाखवून पाहिले, तेव्हाही मुलांनी नक्कल केली.

पण बाहुलीला मारणे आणि माणसावर वार करणे यांत फार मोठे अंतर आहे. पुढच्या अभ्यासांत लहानपणी पाहिलेली पडद्यावरची हिंसा आणि पुढचा आक्रमकपणा यांचा संबंध दिसला आहे, पण तो मर्यादित आहे. हिंसक व्हिडिओ गेमबद्दल अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये स्पष्ट केले की आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी त्यांचा थोडा संबंध दिसतो, पण खून-हाणामारीसारखी खरी हिंसा त्यांच्यामुळे होते असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही.

रुग्णांना मी हे मिठाच्या उदाहरणाने सांगतो. लोणच्याची एक फोड खाल्ली म्हणून कोणाला ब्लडप्रेशर होत नाही. पण घराण्यात बीपी, पोट सुटलेले, तंबाखू चालू, त्यात रोज लोणचे-पापड, असे सगळे जुळले तर होते. मूल हिंसेकडे वळते तेव्हाही अशाच बऱ्याच गोष्टी एकत्र आलेल्या असतात: घरात मारहाण, दारू, शाळा सुटलेली, हाताला काम नाही, गल्लीत ज्याची भीती त्याचाच मान, आणि लक्ष देणारे एकही मोठे माणूस जवळ नाही. सिनेमा या यादीत आहे, पण बराच खाली. घरात बापाला आईवर हात उचलताना रोज बघणाऱ्या मुलाच्या हातातला मोबाइल काढून घेऊन फारसे काही हाती लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हे ऐकून काही वडील माझ्यावर नाराज होतात.

मी काय चुकलो

ज्या आईपासून हा लेख सुरू केला, तिच्या मुलाबद्दल आता सांगतो. तिच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा आठवीतला. डोके दुखते, रात्री दचकून उठतो, क्लासला जायचे नाही म्हणतो. आईने सांगितले, मित्राच्या मोबाइलवर तो सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून हे सुरू झाले. ओपीडी भरलेली होती. मी डोळे तपासायला सांगितले, डोकेदुखीची गोळी दिली, मोबाइल बंद करा म्हणालो आणि आठवड्याने बोलावले. सगळे रीतसर.

ती तीन आठवड्यांनी आली. मोबाइल खरोखरच बंद होता. मुलगा मात्र सुकलेला, आणि आता शाळेलाही जात नव्हता. तेव्हा मी जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. आईला म्हणालो, ‘ताई, तुम्ही पाच मिनिटे बाहेर बसा,’ आणि मुलाला विचारले, ‘सिनेमातलं नेमकं काय डोळ्यांसमोर येतं?’

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, ‘पिच्चरमधलं नाही येत. आमच्या इथलं येतं.’ काही महिन्यांपूर्वी क्लासवरून घरी येताना त्याने गल्लीच्या तोंडाशी एका माणसावर वार होताना पाहिले होते. घरी सांगितले, तर घरच्यांनी बजावले, ‘कुणाला बोलू नको, पोलिसांची भानगड मागे लागेल.’ तो बोलला नाही. सिनेमात तसेच दृश्य आले आणि दाबून ठेवलेले सगळे वर आले. पुढे तो जे म्हणाला ते मी विसरलेलो नाही: ‘पिच्चरमध्ये मारताना म्युझिक वाजतं, सर. तिथं काहीच वाजत नव्हतं.’

याला आघातानंतरचा मानसिक त्रास म्हणतात. खरा भयंकर प्रसंग पाहिला की मेंदू तो नीट साठवून ठेवू शकत नाही, आणि नंतर तसा आवाज, तशी जागा, तसे दृश्य समोर आले की तो आत्ता घडतो आहे असा शरीराला भास होतो. घाबरवणारी स्वप्ने, ती जागा टाळणे, सतत सावध राहणे, अभ्यासात लक्ष न लागणे हे सगळे महिन्याहून जास्त टिकले आणि त्यामुळे रोजचे जगणे अडू लागले, तर त्यावर उपचार लागतात. हे उपचार मुख्यतः बोलण्याचे असतात: प्रशिक्षित समुपदेशक मुलाला थोडे थोडे करून तो प्रसंग सांगायला आणि टाळलेल्या जागी पुन्हा जायला मदत करतो. औषधाची गरज असल्यास ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणून मुलाला देऊ नका. तिने मूल गुंगते, बरे होत नाही, आणि सवय लागते ती वेगळीच.

या मुलाला मी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात पाठवले.

घरी काय करता येईल?

प्रमाणपत्र बघायची सवय लावा. २०२३च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’ वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. आई-वडिलांसाठी तो सल्ला आहे. ‘ए’ सिनेमाला मात्र आई-वडील सोबत असले तरी १८ खालच्या मुलाला थिएटरात प्रवेश नाही. ‘घरचेच आहे, सोडा हो’ असे म्हणून दारावर वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत. ओटीटी ॲपमध्ये पालकांसाठी लॉक असते, ते चालू करून पिन स्वतःकडे ठेवा. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या तुकड्यांना कोणतेच लॉक नसते. तिथे मुलाने आपल्याला येऊन सांगावे एवढीच आशा, आणि सांगितल्यावर मार पडणार असेल तर ते सांगणार नाही.

म्हणून मुलाने असे काही पाहिल्याचे कळले, तर पहिला प्रश्न ‘का पाहिलंस?’ असा नको. ‘काय पाहिलंस, आणि ते पाहून कसं वाटलं?’ असे विचारा. लहान मुलाला जवळ घेऊन झोपवा, दिवा चालू ठेवा, दोन-चार दिवसांत बहुतेक मुले सावरतात. मोठ्या मुलाशी समोरासमोर बसवून बोलण्यापेक्षा गाडीवरून जाताना किंवा जेवण वाढताना बोलणे सोपे जाते. सिनेमातल्या त्या पोराचे पुढे काय झाले असते, त्याच्या आईचे काय झाले असते, असे विचारून बघा. आणि एकदा हेही विचारा: ‘असं खरं कुठं पाहिलंयस का?’

खालीलपैकी काही असेल तर वाट पाहू नका: मूल मरण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोलते, दप्तरात हत्यार सापडते, प्राण्यांना किंवा लहान भावंडांना मुद्दाम इजा करते, दारू-गांजा सुरू झाला आहे, किंवा दोन आठवडे झोप आणि शाळा दोन्ही बिघडली आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. मुलाला कोणापासून धोका असेल तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८, आणि तातडीच्या वेळी ११२. डॉक्टरांकडे आणाल तेव्हा मुलाला काही वेळ एकट्याने बोलू द्या असे तुम्हीच सांगा. गर्दीत आम्ही विसरतो.

त्या मुलाची डोकेदुखी थांबायला तीन-चार महिने लागले. आता तो नववीत आहे, शाळेला जातो. आईचे अजूनही म्हणणे आहे की असले सिनेमे काढणाऱ्यांना आधी आत टाकले पाहिजे, आणि मी तिच्याशी वाद घालत नाही. क्लासला जाताना मुलगा त्या गल्लीच्या तोंडाशी आला की वडील सोबत असतात. कामावरून अर्धा तास लवकर सुटायची त्यांनी मालकाकडून परवानगी घेतली आहे.