रक्ताला पर्याय सापडला नाही

पैसे घेऊन रक्त देण्याचा धंदा बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 4 जानेवारी 1996 रोजी दिला. तरीही परवाच्या मे महिन्यात शीव कोळीवाड्यातल्या आमच्या शेजाऱ्यांना बायपासच्या आदल्या संध्याकाळी ‘डोनर आणा, मगच ऑपरेशन’ असं बजावलं गेलं. मन विटलं.

1968 मध्ये परळच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी हृदयरोपण केलं, त्याची भरपूर वाहवा झाली. त्यासाठी रक्त कुठून यायचं, याची चर्चा मात्र कोणी केली नाही.

नव्वदच्या दशकात वडिलांची बायपास झाली, तेव्हा ते उत्तर पाहिलं. हॉस्पिटलबाहेर चहाच्या टपरीला टेकून माणसं उभी असत. कोपराच्या खळीत सुयांचे काळे डाग, चेहरे पांढरेफटक. बाटलीचा भाव ठरे. आम्हाला त्यांच्याकडे जावं लागलं नाही, कारण गल्लीतली क्रिकेटची अख्खी टीम रक्तपेढीच्या बाकावर येऊन बसली. 1998 पासून तो धंदा कायद्याने बंद झाला. फार बरं झालं.

त्याच दशकात कृत्रिम रक्ताची मोठी आशा होती. बायपासच्या यंत्राच्या नळ्या सलाइनने भरलेल्या असतात. त्यामुळे रक्त पातळ होतं, रक्तदाब घसरतो आणि भूलतज्ज्ञाची नजर आकड्यावरून हलत नाही. तिथे ऑक्सिजन वाहणारं तयार द्रावण हवंच होतं. पण पेशीबाहेरचं मोकळं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं. रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. असंच एक द्रावण, ‘हेमअसिस्ट’, 1998 मध्ये गुंडाळलं गेलं. 2008 मध्ये अशा द्रावणांच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू यांचा धोका वाढलेला दिसला. आजारी हृदयासाठीच ते घातक ठरलं.

सांडलेलं रक्त धुऊन परत देणारं यंत्र आणि रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड यांनी बाटल्या वाचवल्या, पण गरज संपवली नाही. लाल पेशी फार तर 42 दिवस टिकतात. आपली शिबिरं मात्र नेत्यांच्या वाढदिवसांना एकाच आठवड्यात होतात आणि मे महिन्यात पेढ्या कोरड्या पडतात.

रक्त जमवणं हे नातेवाइकांचं काम नाही, पेढीचं आहे. शीव ते लालबागच्या मंडळांनी एप्रिल-मेच्या तारखा आपसात वाटून घ्याव्यात. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. वाचकहो, पुढची तारीख आजच ठरवा.