गरम झाल्यावर रुसणारा ट्रक : हाय प्रेशर तेल गळतं कुठे?

मंडळी, बोईसरला ट्रकवाल्यांसमोर बोलायचं म्हणजे 'तेल' या शब्दापासूनच सुरुवात करावी लागते. आपल्याकडे ड्रायव्हर डिझेललाही तेल म्हणतो आणि इंजिन ऑइललाही तेलच म्हणतो. आज ज्या हाय प्रेशर तेलाबद्दल बोलायचंय ते डिझेल आहे. पण असंही एक इंजिन होतं, जिथे हाय प्रेशरचं काम खरोखर इंजिन ऑइल करायचं. अमेरिकेत २००३ ते २००७ च्या फोर्ड गाड्यांत सहा लिटरचं पॉवर स्ट्रोक इंजिन यायचं, काही कॅटरपिलर इंजिनांतही ही पद्धत होती. इंजिन ऑइलला दाब द्यायचा, त्या ऑइलने इंजेक्टरमधला छोटा पिस्टन ढकलायचा आणि त्या पिस्टनने डिझेल फवारायचं. त्या गाड्यांचा एक आजार प्रसिद्ध आहे: थंड असताना सुरू होते, गरम झाली की होत नाही.

हाच आजार आपल्या कॉमन रेल ट्रकांनाही होतो आणि कारणही तेच. तापलं की तेल पातळ होतं. झिजलेल्या जागेतून घट्ट तेल कमी गळतं, पातळ तेल जास्त. इंजिन चालू असताना पंप वेगाने फिरतो, त्यामुळे गळती भरून निघते. पण नुसता सेल्फ मारताना पंप हळू फिरतो. तेवढ्यात रेलमध्ये प्रेशर उभंच राहत नाही.

आता एक गाडी सांगतो. पावसाळ्यात स्टील घेऊन तारापूर एमआयडीसीला निघालेली, सहा सिलिंडरची. मनोरला चहाला थांबली ती थांबलीच. सेल्फ घेते, पण उचलत नाही. दोन तासांनी आपसूक सुरू झाली. पुढे वाघोबा खिंडीच्या आधी परत तेच. क्लीनरने पंपावर ओलं फडकं टाकलं, अर्ध्या तासात सुरू! एकाने लगेच निदान केलं, पंप गेला, लाखाच्या आसपास खर्च. मालक स्वतःच ड्रायव्हर, हप्ता चालू. माझ्याकडे आला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

ओल्या फडक्याने एवढंच कळलं, की गळती आहे आणि ती तापमानावर अवलंबून आहे. गळती पंपातच आहे, हे काही त्यातून सिद्ध होत नाही. गार झाल्यावर सगळंच डिझेल घट्ट होतं ना!

मग काय करायचं? स्वस्तातल्या तपासणीपासून सुरुवात. आधी बॅटरी. २४ व्होल्टची गाडी सेल्फ मारताना मरगळून फिरत असेल तर पंपाला दोष देऊ नका. मग स्कॅनर लावायचा. इंजिन बंद, चावी चालू, रेल प्रेशर शून्याच्या जवळ दिसलं पाहिजे. बराच वेळ बंद असलेल्या इंजिनावर दीड-दोनशे बार दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. या गाडीत सेन्सर ठीक होता. थंड असताना सेल्फवर ३५० बार, गरम असताना जेमतेम १२०. त्या इंजिनाला फवारणी सुरू करायला साधारण २०० लागतं. म्हणजे ईसीयूचा हट्ट बरोबर होता.

मग लो प्रेशरची बाजू. टाकीतली नळी काढून स्वच्छ कॅनमधून डिझेल दिलं आणि मध्ये पारदर्शक पाइप लावला. बुडबुडे नाहीत, म्हणजे गाडी एअर घेत नाही. ही तपासणी दहा मिनिटांची आहे, आणि तीच लोक सोडतात.

आता राहिलं हाय प्रेशर. तिथे प्रेशर जायला मोजक्याच वाटा असतात: पंप, रेलचा रिलीफ व्हॉल्व्ह, इंजेक्टर. लहान गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला बाटली लावता येते. जिची बाटली आधी भरते तो दोषी. बऱ्याच ट्रक इंजिनांत मात्र रिटर्न हेडच्या आतूनच जातं, बाटली लावणार कुठे? तिथे रेलवरचा एकेका सिलिंडरचा पाइप काढून तिथे जाड धातूचा प्लग बसवायचा आणि सेल्फ मारून आकडा बघायचा. पहिला बंद केला, १२०. दुसरा, तिसरा, तेच. चौथा बंद केला आणि आकडा ३०० वर गेला! गाडी पाच सिलिंडरवर, लंगडत का होईना, सुरू झाली. पंप निर्दोष सुटला.

चौथा उघडला तर इंजेक्टरचं तोंड, जिथे कनेक्टर दाबून बसतो, तिथे गंजाने खड्डे पडलेले. गंज म्हणजे पाणी. एमआयडीसीत नंबर लागेपर्यंत अर्ध्या टाकीने गाड्या दिवसचे दिवस उभ्या, हवा समुद्राची दमट, टाकीत पाणी धरतं. वॉटर सेपरेटरचं काम ते पाणी पकडायचं. पण त्याचा डॅशबोर्डवरचा दिवा सारखा लागतो म्हणून कुणीतरी त्याची वायरच कापून टाकली होती. (हसू.) हसू नका, तुमच्यातल्या तीन-चार जणांनी कापलीय, मला माहितेय.

(श्रोत्यांतून प्रश्न: आम्ही आधी चालू इंजिनात पाइपचा नट ढिला करून कुठला सिलिंडर मिस करतोय ते बघायचो. तसंच करून नाही का चालणार?)

बरं झालं विचारलंत. अजिबात नाही. जुन्या इनलाइन पंपाच्या काळात आमचे उस्ताद तेच करायचे, मीही केलंय. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आणि आता हातात येणाऱ्या नव्या ट्रकांत कॉमन रेल असते. तुमच्या ब्रेकच्या टाकीतली हवा साधारण ८ बारची. रेलमध्ये १६०० बार आणि त्याच्याही वर. म्हणजे दोनशे पट. गळतीची धार डोळ्यांना दिसतही नाही, पण ती हातमोज्यातून, कातडीतून आत जाते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढं भोक. सुरुवातीला दुखतही नाही फारसं, म्हणून पोरगं फडक्याला हात पुसून कामाला लागतं, आणि आत डिझेल मांस नासवत राहतं. काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर बोट, कधी हात जातो. असं झालं तर घरी नको, मलम नको, थेट हॉस्पिटल. आणि डॉक्टरांना सांगा, हाय प्रेशरने डिझेल आत गेलंय. नुसतं 'टोचलं' म्हणालात तर पट्टी बांधून परत पाठवतील.

गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून फिरवा, हात नाही. पाइप खोलण्याआधी इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, आणि स्कॅनरवर शून्य दिसल्यावरच पाना लावा.