डाउनलोडची चार बटणं

बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरायचा म्हणजे टायपिंग करायचं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. लातूरच्या ट्यूशन एरियात फॉर्म भरून देणाऱ्या एखाद्या दुकानात थोडा वेळ बसलं की कळतं, टायपिंग हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. जीव जातो तो कागद ‘बसवताना’. आयबीपीएसच्या अर्जाला फोटो २० ते ५० केबीचा लागतो, सही १० ते २० केबीची, डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबीचा आणि हातानं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र ५० ते १०० केबीचं. एक केबी इकडंतिकडं झाला की लाल अक्षरं. पोरगं मोबाइलवर फोटो घेऊन येतं तो असतो तीन एमबीचा आणि सही असते रेघांच्या वहीवर, तीही हाताची सावली पडलेली.

मग सुरू होतं खरं काम. दुकानदार तिशीतला, मूळचा औशाकडचा. फोटो कापतो, सहीचा कागद उजळतो आणि गूगलवर ‘फोटो २० केबी’ असं टाकून फुकटात आकार कमी करून देणाऱ्या एखाद्या साइटवर जातो. मार्कशीट, जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर एका पीडीएफमध्ये जोडायला दुसरी साइट. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधलं मराठी युनिकोडमध्ये आणायला तिसरी. हे सगळं फोटोशॉपमध्ये होत नाही का, असं मी विचारलं. फोटोचं होतं, म्हणाला. पण जुन्या मशीनवर फोटोशॉप उघडेपर्यंत रांगेतला माणूस शेजारच्या दुकानात गेलेला असतो, आणि पीडीएफचं काम राहतंच.

या साइट फुकट, म्हणजे जाहिरातींवर चालणाऱ्या. त्यातल्या काहींची पानं बघण्यासारखी असतात. फोटो चढवला, लहान झाला, की पानावर चार ठिकाणी ‘डाउनलोड’ लिहिलेलं दिसतं. खरं बटण त्यातलं एकच, बहुधा सगळ्यात लहान आणि फिक्या रंगाचं. बाकीची हिरवी, ठळक बटणं म्हणजे जाहिराती. त्यांतल्या एकावर बोट पडलं की नवी टॅब उघडते आणि ‘परवानगी द्या’ म्हणून विचारते. गर्दीच्या वेळी हात आपोआप ‘हो’वर जातो. त्यानंतर दिवसभर पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला’ असल्या चिठ्ठ्या येत राहतात. त्याच संगणकाच्या डेस्कटॉपवर गावोगावच्या पोरांची आधार कार्डं, मार्कशीटं आणि पासबुकाची पहिली पानं पडलेली असतात.

म्हणून अशा दुकानांत स्टेपलर आणि स्टॅम्प पॅडबरोबर जाहिराती अडवणारा ॲडब्लॉकरही दुकानाच्या सामानात मोडतो. घरी बसून बातम्या वाचणाऱ्याला जाहिरात नको असते कारण ती डोळ्यांत खुपते. फॉर्मवाल्याला ती नको असते कारण तिच्यामुळे एका फॉर्ममागची मिनिटं वाढतात आणि मशीन बिघडते. या दुकानात क्रोमच्या कोपऱ्यात एक छोटी लाल ढाल होती, तिच्यावर अडवलेल्या जाहिरातींचा आकडा वाढत जायचा. ती ढाल म्हणजे ‘यूब्लॉक ओरिजिन’. कॅनडातल्या रेमंड हिल या प्रोग्रामरनं २०१४ मध्ये या कामाची सुरुवात केली. तो यासाठी कुणाकडून देणगीही घेत नाही. एकट्या क्रोमवर त्याचे तीन कोटींहून जास्त वापरकर्ते होते. दुकानदाराला यातलं काही ठाऊक नव्हतं. मित्रानं टाकून दिलं, चाललं, एवढंच.

मग एक दिवस ढाल करडी झाली. हे एकट्या त्याच्याच मशीनवर झालं असं नाही, जगभर झालं. गूगलनं २०१८ च्या अखेरीस एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे ढालीसारख्या ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामसाठी, नवे नियम मांडले, त्यांना ‘मॅनिफेस्ट व्ही३’ म्हणतात. अंमलबजावणी बरीच रखडली, एकदा थांबवलीही. जून २०२४ पासून क्रोमच्या चाचणी आवृत्त्यांत इशारे दिसू लागले, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नेहमीच्या क्रोममध्ये जुनी एक्स्टेन्शन हळूहळू बंद होऊ लागली, आणि मार्च २०२५ पर्यंत ती सगळ्यांकडे बंद झाली. काही महिने सेटिंगमध्ये जाऊन परत चालू करायची पळवाट होती. २०२५ च्या मध्यानंतर तीही मिटली.

यात नेमकं बदललं काय? वेब पान एका तुकड्यात येत नाही; मजकूर, चित्रं, जाहिराती, माग काढणाऱ्या स्क्रिप्ट असे अनेक तुकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवले जातात. जुन्या पद्धतीत प्रत्येक मागणी बाहेर पडण्याआधी ब्राउझर ब्लॉकरला विचारायचा, आणि ब्लॉकर तिथल्या तिथं ठरवायचा. लग्नात मांडवाच्या दारात घरचा जाणता माणूस उभा करावा, तशी ती व्यवस्था होती. नव्या पद्धतीत मंगल कार्यालयाच्या मॅनेजरकडे आधीच यादी द्यायची आणि आपण घरी बसायचं. यादीतला माणूस अडतो. नाव बदलून आलेला आत जातो. शिवाय यादी किती लांब असावी, हेही मॅनेजरच ठरवणार. पहिल्या मसुद्यात ही मर्यादा ३०,००० नियमांची होती, आणि एकट्या ‘ईझीलिस्ट’ या प्रसिद्ध यादीतच त्याहून जास्त नियम होते. ओरड झाली, तेव्हा मर्यादा बरीच वाढवली.

गूगलची बाजू अगदीच पोकळ नाही, हे मान्य करायला हवं. तुमच्या प्रत्येक पानाची प्रत्येक मागणी बघू शकणारं एक्स्टेन्शन चांगल्या हातांत असेल तर ढाल, वाईट हातांत असेल तर हेर. २०१८ मध्ये क्रोमच्या दुकानात पाच बनावट ॲडब्लॉकर सापडले होते आणि त्यांचे मिळून दोन कोटी वापरकर्ते होते. नव्या नियमांत एक्स्टेन्शनला बाहेरून गुपचूप कोड आणून चालवता येत नाही, ही सुधारणा चांगलीच आहे. पण हे सांगणारी कंपनी कोण, तेही बघावं लागतं. गूगलची पालक कंपनी अल्फाबेट हिचं २०२४ चं उत्पन्न साधारण ३५० अब्ज डॉलर, आणि त्यातले सुमारे २६५ अब्ज जाहिरातींचे. जाहिरात विकणाराच जर खिडकीही बनवत असेल, तर खिडकीला पडदा किती जाड असावा यावर त्याचं मत असणारच. या बदलात सुरक्षेचं कारण खरं आहे आणि हितसंबंधही खरा आहे, असं माझं मत.

लातूरच्या दुकानदारानं काय केलं? त्यानं आधी ‘लाइट’ टाकलं. हिलनंच नव्या नियमांत बसणारं ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ काढलं आहे. हिरवी खोटी बटणं बरीचशी गेली. “पैल्यासारखं नाही सर, पण चालायलंय,” असं तो म्हणाला. माझंही निरीक्षण तेच. नेहमीच्या साइटवर लाइट पुरतो. ज्या साइट रोज वेश बदलतात तिथं मागं पडतो, कारण त्याच्या याद्या बव्हंशी एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्तीबरोबरच ताज्या होतात. यूट्यूबवर बायोलॉजीचं लेक्चर बघणाऱ्या मुलांची अडचण वेगळी: यूट्यूबनं २०२३ मध्येच ब्लॉकरवाल्यांना सरळ अडवायला सुरुवात केली, ब्लॉकर काढा नाहीतर प्रीमियम घ्या म्हणून.

पर्यायांची नावं सगळ्यांना ऐकून माहीत असतात. एज घ्यावं तर तेही क्रोमच्याच पायावर, क्रोमियमवर उभं. ब्रेव्हही त्याच पायावर, पण जाहिराती अडवणं त्याच्या पोटातच आहे, एक्स्टेन्शनवर अवलंबून नाही, म्हणून त्याला या नियमाची झळ लागली नाही. मात्र ब्रेव्ह स्वतःच्या जाहिरातींचाही धंदा करतं, हे घेणाऱ्यानं लक्षात ठेवावं. झोहोचं ‘उला’ आहे. केंद्र सरकारच्या देशी ब्राउझर स्पर्धेत मार्च २०२५ मध्ये झोहोला पहिलं बक्षीस मिळालं, एक कोटी रुपयांचं. फॉर्म भरणाऱ्यांच्या कामाची गोष्ट अशी की भारतीय प्रमाणपत्रं ओळखणं आणि ब्राउझरमधूनच कागदावर डिजिटल सही करता येणं, या त्या स्पर्धेच्या अटींत होत्या. आणि फायरफॉक्स. मोझिलानं जुनी पद्धतही चालू ठेवू असं जाहीर केलं आहे, म्हणून मूळ लाल ढाल तिथं पूर्ण ताकदीनं चालते. त्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलला शोधयंत्र म्हणून ठेवण्याबद्दल गूगलकडूनच येतो, ही गंमत जाता जाता.

नांदेडला श्यामनगरच्या बाजूला एका ताईंचं असंच फॉर्म भरून देणारं केंद्र आहे. तिथं प्रिंट काढायला येणाऱ्या, गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत शिकणाऱ्या एका मुलानं त्यांना फायरफॉक्स बसवून दिलं. ताईंनी डेस्कटॉपवरच्या दोन्ही चिन्हांची नावंच बदलली: क्रोमचं ‘सरकारी’, फायरफॉक्सचं ‘बाकी’. दाखले, विमा, अंगठ्याचं मशीन, सरकारी लॉगिन म्हटलं की पहिलं. फोटो, पीडीएफ, शोधाशोध म्हटलं की दुसरं. सरकारी कामही फायरफॉक्सवर करून बघितलंत का, असं विचारलं. “बघितलं नाही. ट्रेनिंगला क्रोमवरच दाखवलं होतं ना सर. गिऱ्हाईक बसलेलं असताना कोण बघत बसंल?” या उत्तरात ब्राउझर बदलण्याची सगळी अडचण आली. पूर्वी हेच लोक सरकारी साइटसाठी इंटरनेट एक्सप्लोरर जपून ठेवायचे. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते बंद केलं तेव्हा कुठं हात सुटला. आता ती जागा क्रोमनं घेतली आहे.

ताईंची दोन चिन्हांची युक्ती मला सगळ्यात शहाणपणाची वाटली. ब्राउझर बदलायचा म्हणजे एकाला सोडून दुसऱ्याकडे जायचं, असं कुणी सांगितलं? जोखमीचं फिरणं एकात, लॉगिन असलेलं काम दुसऱ्यात. यात ढाल मिळते ती मिळतेच, शिवाय एका ब्राउझरमधली घाण दुसऱ्यातल्या पासवर्डांपर्यंत सहसा जात नाही.

पण याच केंद्रात बसल्यावर मला या सगळ्या वादाची लहानशी जागाही दिसली. बाकावर बसलेले मुदखेड, लोहा, कंधारकडचे लोक आपापल्या मोबाइलवर बघत होते. त्यांच्या हातात क्रोमच होतं, आणि अँड्रॉइडवरच्या क्रोमनं एक्स्टेन्शनला कधी जागाच दिलेली नाही. म्हणजे संगणकवाल्यांना २०२५ मध्ये जे गमावल्याचं दुःख झालं, ते मराठवाड्यातल्या बहुसंख्य लोकांना कधी मिळालंच नव्हतं. त्यांच्यासाठी नेट म्हणजे मोबाइल, आणि मोबाइलवरची जाहिरात डेटा खाते, बॅटरी खाते आणि बोटाच्या खाली येते.

धोकाही तिथंच जास्त. २०२५ च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींना ई-केवायसी करायला सांगितलं, तेव्हा सरकारी साइटसारख्या दिसणाऱ्या बनावट साइट निघाल्या आणि सावध राहा म्हणून सांगावं लागलं. शोधताना सगळ्यात वर जे येतं तेच खरं, असं समजणाऱ्या बाईला हा फरक कसा कळणार? शोधाच्या निकालात वर पैसे देऊन घेतलेली जागा असते. ओळखीच्या कंपन्यांच्या नावानं अशा जागा विकत घेऊन ठग लोकांना फसवतात, म्हणून अमेरिकेच्या एफबीआयनं डिसेंबर २०२२ मध्ये जनतेला चक्क ॲडब्लॉकर वापरायचा सल्ला दिला होता. मोबाइलवर तो सल्ला पाळायचा तर क्रोम सोडून फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह घ्यावा लागतो. अँड्रॉइडच्या फायरफॉक्समध्ये तीच लाल ढाल बसते. ते जमत नसेल तर अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची जागा आहे. तिथं जाहिराती गाळणाऱ्या एखाद्या विश्वासू सेवेचा पत्ता टाकला की ॲपमधल्याही बऱ्याच जाहिराती थांबतात. यूट्यूबच्या थांबत नाहीत, कारण व्हिडिओ आणि जाहिरात एकाच घरून येतात.

या सगळ्यात एक बाजू माझ्या मनाला लागते. जिल्ह्याची दैनिकं आणि त्यांची पानं जाहिरातींवरच जगत आली, कागदावरही आणि पडद्यावरही. लातूर-नांदेडची बातमी देणाऱ्या साइटवर सरसकट ढाल धरली तर वार्ताहराच्या पोटावर पाय येतो. म्हणून मी स्वतः अशा साइटना सूट देतो. ढालीवर क्लिक करून एका साइटपुरती ती बंद करता येते. मात्र छापील पेपरातल्या जाहिरातीनं कधी ‘पुढचं पान उलटा’ असं सोंग घेतलं नव्हतं. तेवढी अब्रू पडद्यावरच्या जाहिरातीनं राखली असती, तर ढालीचा धंदा इतका वाढलाच नसता.

आता एक मागणी, आणि ती गूगलकडे नाही. फोटो कापण्याची, केबी कमी करण्याची आणि पीडीएफ जोडण्याची सोय अर्ज भरून घेणाऱ्यांनी आपल्याच पानावर द्यावी. पोरानं तीन एमबीचा फोटो चढवावा, तो २० ते ५० केबीत सर्व्हरनं बसवावा. हे तंत्र काही अवघड नाही. त्या फुकट साइट नेमकं तेच करतात. परीक्षा घेणाऱ्या संस्था आणि राज्याचा सीईटी कक्ष यांनी एवढं केलं, तर ट्यूशन एरियातल्या त्या संगणकाला चार बटणांच्या पानावर जायची गरजच पडणार नाही. तोवर वाचकांनी ताईंसारखी दोन चिन्हं ठेवावीत, आणि आधार-पासबुकाच्या फायली काम झाल्यावर डेस्कटॉपवरून काढायला लावाव्यात. दुकानदार काढून टाकतो, पण सांगितल्यावर.