इनामगावची मांडणी

माठ घेताना आपण बोटाने टकटक वाजवून बघतो. खणखणीत वाजला की पक्का भाजलेला, बद्द वाजला की परत ठेवायचा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथल्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या भांड्यांचे तुकडे अजूनही असेच खणखणीत वाजतात!

१९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही मंडळी त्यात होती. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळात नांदलेलं गाव मातीतून वर आलं. शंभरावर घरं, चुली, कणग्यांसाठी मातीचे गोल ओटे, कुंभाराची भट्टीसुद्धा. मुख्य धान्य सातू, जोडीला मसूर, कुळीथ.

भांडी मुख्यतः दोन तऱ्हांची. चाकावरची पातळ, तांबडी, काळ्या रेघांच्या नक्षीची. त्यांत वाडगे आणि तोटीचे चंबू. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून त्यांना ‘जोर्वे’ भांडी म्हणतात. दुसरी हाताने घडवलेली, जाड, करडी. साठवणीची भांडी या जातीची.

याच करड्या भांड्यांचा आणखी एक उपयोग वाचून जीव गलबलतो. तान्हं मूल दगावलं, तर दोन भांडी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यात मूल निजवायचं आणि घरातच जमिनीखाली पुरायचं. सोबत चंबू, वाडगा. अशी-तशी मिळून दोनशेहून अधिक दफनं सापडली, त्यांत बहुतेक लहान मुलांची. ज्या घरात मूल गेलं, तिथेच आईने पुन्हा चूल पेटवली असेल.

इ. स. पूर्व १००० नंतर पाऊसमान घटलं. ऐसपैस चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या. भांडीही जाडीभरडी झाली. पण काळी नक्षी काही सुटली नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांच्या सासूबाईंनी काढला, त्या शिरूर-दौंडच्या सुनांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

नदीकाठच्या शेतात नांगरताना नक्षीची खापरी वर आली, तर बांधावर भिरकावू नका आणि हौसेने उकरतही बसू नका. जागा लक्षात ठेवा आणि डेक्कन कॉलेजला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. कुणा गृहिणीच्या मांडणीवरचं भांडं असेल ते.