वरणभात, बाळ आणि सिनेमा

घरात बाळ आले की सर्वांत आधी बदलते ती संध्याकाळ. साडेआठला निवांत होणारे जेवण कधी सातला उरकावे लागते, तर कधी दहापर्यंत लांबते. पानावर नवरा-बायकोला एकाच वेळी बसता येत नाही आणि रात्री लावलेला सिनेमा मध्यंतरापर्यंतही पोचत नाही. वरवर पाहता या किरकोळ कुरबुरी आहेत. परंतु बाळाला अन्नाची आणि बोलण्याची ओळख होते ती बरीचशी याच दोन-तीन तासांत, कारण शहरातल्या नोकरदार घरात सारी माणसे एकत्र असतात ती तेव्हाच. म्हणूनच या संध्याकाळीकडे जरा बारकाईने पाहायला हवे.

आजोळचे घर आणि शहरातला फ्लॅट

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत मराठवाड्यात अजूनही टिकून आहे. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या कितीतरी मुली त्यासाठी हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव किंवा औंढा नागनाथला येतात. परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ११ लाख ७७ हजार होती आणि त्यातील जेमतेम १५ टक्के लोक शहरी भागात राहत होते. साहजिकच बाळाचे आजोळ बहुधा खेड्यातले किंवा लहान गावातले असते.

या घरात बाळाला माणसांची वाण नसते. सकाळी न्हाऊ घालायला एखादी जाणती बाई येते, दुपारी शेजारच्या मुली डोकावतात आणि दिवेलागणीला आजी भाकरी थापत असेल तर बाळ मावशीच्या नाही तर आजोबांच्या मांडीवर असते. स्वयंपाकही साधाच असतो. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पिठले, एखादी पालेभाजी, नाही तर नुसती खिचडी. त्यात कोणालाही ‘बाळाला सांभाळण्याचे काम’ वेगळे करावे लागत नाही. ते घरभर वाटले गेलेले असते.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाळ-बाळंतीण शहरात परततात. आता फ्लॅटमध्ये दोनच मोठी माणसे. पुढे आईची रजा संपते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते, म्हणजे साधारण सहा महिने. शेतमजूर बाईला मात्र असली रजा ठाऊक नसते. हळद काढायला जाताना तिचे मूल बांधावरच्या झोळीत असते. शहरातल्या घरी झोळी नाही आणि तिसरी मांडीही नाही. ही रिकामी जागा हल्ली मोबाइलचा पडदा भरून काढतो. बाळाच्या जेवणाचा आणि सिनेमाचा संबंध येतो तो इथे.

तिन्हीसांजेची किरकिर

पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळ नेमके संध्याकाळी किरकिर का करते, हा घरोघरचा प्रश्न आहे. आजी मीठ-मोहरीने दृष्ट काढते. बालरोगतज्ज्ञांच्या निरीक्षणानुसार निरोगी बाळाचे रडणेही सुमारे सहाव्या आठवड्यापर्यंत वाढत जाते, ते संध्याकाळी अधिक असते आणि तीन-चार महिन्यांचे होईपर्यंत बरेच ओसरते. म्हणजे हा बहुतेक वेळा वाढीचाच एक टप्पा असतो. मात्र ताप असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा मलूल दिसत असेल, तर दृष्टीवर न थांबता डॉक्टरांकडेच जायला हवे.

या काळात संध्याकाळी बाळ वारंवार अंगावर पिते आणि तेव्हाच स्वयंपाकाची वेळ झालेली असते. बहुतेक घरांत सर्वांचे झाल्यावर, निवलेले अन्न आईच्या वाट्याला येते. भारतीय आहारतज्ज्ञांच्या शिफारशीनुसार स्तनपान करणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० आणि पुढच्या सहा महिन्यांत सुमारे ५२० उष्मांक जास्तीचे लागतात. एका चांगल्या जेवणाइतकेच हे अन्न होते. तेव्हा या घरात पहिले गरम ताट आईचे असावे आणि तिचे जेवण होईपर्यंत बाळ बाबांच्या खांद्यावर असावे, हा नियम सोयीचा तर आहेच, शास्त्रालाही धरून आहे.

उष्टावणानंतर काय?

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध पुरते, वेगळे पाणीसुद्धा लागत नाही. त्यानंतर उष्टावण होते. परंपरेने मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात, म्हणजे कधी कधी पाचव्यातच केले जाते. समारंभ जरूर हौसेने व्हावा, परंतु मुलगा असो वा मुलगी, वरचे अन्न सुरू करण्याचे वय एकच, ते म्हणजे सहा महिने पूर्ण झाल्यावर. जन्मावेळी शरीरात साठलेले लोह साधारण तोवर संपत आलेले असते आणि केवळ दुधातून ते भरून निघत नाही.

खरी अडचण समारंभानंतर सुरू होते. खिरीचे बोट चाटवले जाते, फोटो काढले जातात आणि पुढे कित्येक आठवडे बाळाला वरणाचे पाणी, भाताची पेज किंवा चहात बुडवलेले बिस्कीट एवढेच मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ६ ते ८ महिन्यांच्या बाळांपैकी ४५.९ टक्के बाळांनाच दुधाबरोबर वरचे अन्न मिळत असल्याचे आढळले. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणाऱ्यांचे प्रमाण तर अवघे ११.३ टक्के होते. हा प्रश्न केवळ गरिबीचा नाही. समजुतीचाही आहे.

वरणाच्या पाण्याचे गणित समजून घेण्यासारखे आहे. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोला सुमारे ३० मिलिलिटर अन्न मावते, म्हणजे सात किलोच्या बाळाच्या पोटात साधारण २०० मिलिलिटर. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाव्यतिरिक्त दिवसाला सुमारे २०० उष्मांक वरच्या अन्नातून हवे असतात; नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर सुमारे ५५०. एवढ्याशा पोटात पाणीच भरले तर बाळ तृप्त दिसते, पण उपाशी राहते. अन्न चमच्यातून सहज ओघळणार नाही इतपत घट्ट असावे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

एकच कुकर, एकच स्वयंपाक

बाळासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागतो, या धास्तीनेच बहुतेक घरांत डब्यातल्या तयार पावडरी येतात. वास्तविक आपल्या रात्रीच्या साध्या जेवणातच बाळाचे जेवण दडलेले असते. कुकरच्या एका डब्यात भात, दुसऱ्यात तुरीची किंवा मुगाची डाळ आणि तिसऱ्यात लाल भोपळा, गाजर वा बटाटा लावावा. मीठ, तिखट आणि फोडणी पडण्यापूर्वी बाळाचा वाटा बाजूला काढून तो चांगला कुस्करावा आणि त्यावर चमचाभर तूप सोडावे. पालेभाजीची शिजलेली पाने त्यातच घोटता येतात. वर लिंबाचे चार थेंब पिळले तर डाळी-भाज्यांतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. चहाने नेमके उलटे होते, म्हणून चहा-बिस्कीट नकोच.

आपल्याकडचे खिमट हेही याच शहाणपणाचे उदाहरण. दोन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून भरड दळून ठेवली की पंधरा मिनिटांत ते शिजते. धान्य आणि डाळ एकत्र आल्याने एकात उणी असलेली प्रथिनांची बाजू दुसऱ्याने भरून निघते. दाट खिमट बाळाला गिळवत नसेल तर पाणी वाढवण्याऐवजी मोड आणून वाळवलेल्या गव्हाच्या किंवा नाचणीच्या पिठाची चिमूट, खिमट किंचित निवल्यावर, त्यात घालावी. मोड येताना धान्यात तयार होणारे अमायलेज हे द्रव्य पिष्टाचे विघटन करते आणि खिमट आपोआप सैल होते. अन्न मात्र तेवढेच राहते. घालून पुन्हा एक उकळी आणली की झाले.

वसमतची हळद आता भौगोलिक मानांकनाने देशभर ओळखली जाते. तिची चिमूट बाळाच्या वरणात चालते. परंतु बाळगुटीतला किंवा बोटाने चाटवलेला मध वर्ष पूर्ण होईपर्यंत टाळावा, कारण त्यातून क्वचित, पण गंभीर अशी विषबाधा होऊ शकते. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि द्राक्षे घशात अडकण्याचा धोका असतो, म्हणून तीही दूरच बरी.

पडद्यासमोरचा घास

आता तिसऱ्या मांडीकडे वळू. मोबाइलवर गाणे लावले की बाळ तोंड उघडते आणि वाटी रिकामी होते, हा अनुभव खोटा नाही. पण बाळाचे लक्ष चित्रात गुंतलेले असल्याने भूक आणि तृप्ती या दोन्ही संवेदनांकडे त्याचे दुर्लक्ष होते. मान वळवणे, ओठ मिटणे, वाटीकडे झेपावणे ही त्याची भाषा असते. भरवणाऱ्याने ती वाचायची असते. पडदा मधे आला की दोघांचाही हा संवाद तुटतो आणि काही महिन्यांत पडद्याशिवाय घासच उतरेनासा होतो.

बोलणे शिकण्याच्या बाबतीतही असेच घडते. २००३ मध्ये अमेरिकेतील पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या इंग्रजी भाषक घरांतील बाळांना चिनी भाषा ऐकवली. प्रत्यक्ष माणसाने खेळत-बोलत ऐकवलेल्या बाळांना त्या भाषेतले ध्वनी ओळखता येऊ लागले; तोच मजकूर चित्रफितीवरून पाहिलेल्या बाळांना काहीच लाभ झाला नाही. टीव्ही नुसता मागे चालू असला तरी फरक पडतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, टीव्हीच्या आवाजाच्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० नी घटल्याचे दिसले. टीव्ही बोलतो तेव्हा घर गप्प होते, असाच याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील बाळांसाठी पडदा पूर्णपणे नको असे सांगितले. भारतीय बालरोग अकादमीही दोन वर्षांपर्यंत तेच सांगते. दूरच्या नातलगांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा तेवढा अपवाद. हिंगोलीच्या आजीला रोज दहा मिनिटे नातू दिसावा, यात गैर काही नाही. समोरची आजी त्याच्या हुंकाराला उत्तर देते, गाण्यातले चित्र देत नाही.

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. लहानग्या नाम्याने विठ्ठलासमोर नैवेद्य ठेवला आणि देव जेवेपर्यंत तो तिथून हलला नाही, ही कथा आपल्याकडे घरोघर सांगतात. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी भरवणाऱ्याने समोर बसून वाट पाहायची असते हे त्यातले मर्म बाळाच्या घासालाही लागू पडते.

मग सिनेमा पाहायचाच नाही का?

अवश्य पाहावा. दिवसभर नोकरी आणि बाळ यांत विभागल्या गेलेल्या आई-बाबांना दोन तास एकमेकांशेजारी बसणे गरजेचे असते आणि सिनेमा हे त्याचे सर्वांत स्वस्त निमित्त आहे. आपल्याकडे तर सिनेमा आणि संसार यांची सुरुवातीपासून सोबत आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढला तेव्हा सरस्वतीबाई फिल्मवरच्या प्रक्रियेला हातभार लावत होत्या आणि सर्व मंडळींच्या जेवणाचेही पाहत होत्या; त्यांचा मुलगा भालचंद्र त्याच चित्रपटात रोहिदास झाला होता.

वेळ मात्र बाळाच्या झोपेनंतरची निवडावी. चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसभरात मिळून १२ ते १६ तास झोप लागते. साडेसहा-सातला त्याचे जेवण, मग अंग पुसणे, मंद दिवा, दूध आणि अंगाई असा क्रम रोज एकच ठेवला तर बरीच बाळे साडेआठ-नऊपर्यंत झोपतात. मग मोठ्यांनी खिचडीचे ताट घेऊन निवांत बसावे. अडीच तासांचा सिनेमा दोन रात्रींत पाहावा. मध्यंतर एका दिवसाचे झाले म्हणून काही बिघडत नाही. चित्रपटगृहात तान्ह्याला नेणे मात्र शक्यतो टाळावे. सेन्सॉरचे प्रमाणपत्र चित्रपटातील विषयाबद्दल सांगते, ध्वनिवर्धकांच्या कर्कशपणाबद्दल नाही. काही नाट्यगृहांत रडणाऱ्या मुलांसाठी काचेची वेगळी खोली असते, तशी सोय असेल तर नाटकाला जाता येईल. एरवी महिन्यातून एकदा एखाद्या मैत्रिणीने, शेजारच्या काकूंनी किंवा गावाहून आलेल्या आजी-आजोबांनी तीन तास बाळाला सांभाळावे आणि दोघांनी बाहेर पडावे.

तिसरी मांडी शहरात आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते. शेजाऱ्याला हाक मारण्याचा संकोच वाटतो आणि मोबाइल लावण्याचा वाटत नाही, ही सवय मोडण्यासारखी आहे. वरणभात फार तर पंधरा मिनिटांत संपतो. तेवढा वेळ बाळासमोर एक माणूस बसलेला असावा. सिनेमा नऊनंतरही तिथेच असतो.