भांगेचे झाड आणि परवान्याचा कागद

भांग, गांजा आणि चरस एकाच झाडापासून मिळतात, पण भारतीय कायदा त्यांना एका मापाने मोजत नाही. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आलेल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे ज्याला सगळे ‘एनडीपीएस’ म्हणतात त्यात, गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे आणि चरस म्हणजे झाडातून काढलेली राळ. बिया आणि पाने शेंड्यांपासून वेगळी असतील तर ती गांजा ठरत नाहीत. ही विभागणी १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर निर्णय देताना याच व्याख्येवर बोट ठेवले. त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयानेही भांग ही गांजा किंवा चरसापासून बनते असे दाखवणारे काही समोर नसल्याचे म्हटले.

त्यामुळे या झाडाशी संबंधित धंद्याला परवानगी आहे का, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. झाडाचा कोणता भाग, कशासाठी आणि कोणत्या राज्यात, यावर कायदा आणि कचेरी दोन्ही बदलतात. करवीर तालुक्यातले उचगाव पुणे-बंगळूर महामार्गावर, गांधीनगरच्या घाऊक बाजारपेठेच्या शेजारी वसले आहे. तिथला शेतकरी, आयुर्वेदिक औषधांचा दुकानदार आणि किराणा व्यापारी हे तिघे या एकाच झाडाबाबत तीन निरनिराळ्या नियमांखाली येतात.

लागवडीचा नियम सर्वांत कडक आहे. कायद्याच्या आठव्या कलमाने झाड लावण्यास सरसकट मनाई केली असून विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मनाईला दोन वाटा ठेवलेल्या आहेत. दहाव्या कलमाने राज्य सरकारला वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी लागवडीचे नियम करता येतात. चौदाव्या कलमाने केवळ धागा किंवा बी मिळवण्यासाठी, अथवा बागायती कामासाठी, सरकार आदेश काढून अटींवर परवानगी देऊ शकते. दोन्ही ठिकाणी आधी सरकारचा नियम किंवा आदेश लागतो. नुसता अर्ज पुरत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मागितली. कोणत्याच पिकाला भाव मिळत नाही, शेती तोट्यात चालली आहे, हे त्याचे कारण होते. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे धरून १६ तारखेपासून लागवड करू, असेही त्याने कळवले. प्रशासनाने अर्ज पोलिसांकडे पाठवला आणि पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. अर्जामागची व्यथा खरी होती आणि तिची बोळवण इतक्या सहज व्हायला नको होती. पण कायद्याचा मुद्दा शेतकऱ्याच्या विरोधातच जातो. या कायद्यात सरकारच्या मौनाचा अर्थ संमती असा होत नाही, आणि तसे समजून पेरणी करणारा थेट गुन्ह्यात सापडतो.

जमीनमालकावर आणखी एक जबाबदारी आहे. आपल्या जमिनीत बेकायदा लागवड झाली असेल तर ती ताबडतोब कळवण्याचे बंधन सेहेचाळिसाव्या कलमाने त्याच्यावर टाकले असून जाणूनबुजून गप्प राहणे शिक्षेला पात्र आहे. सत्तेचाळिसावे कलम हेच बंधन सरपंच, पंच आणि गावकामगारांवर घालते. शेत वाट्याने किंवा खंडाने दिले आणि उसाच्या उभ्या फडात मध्येच झाडे निघाली, तर सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाची चौकशी होते. फडात काय उगवते याकडे मालकाने स्वतः लक्ष ठेवलेले बरे.

चौदाव्या कलमाचा व्यापारी उपयोग प्रथम उत्तराखंडने केला. २०१८ मध्ये त्या राज्याने औद्योगिक भांगेच्या, म्हणजे हेंपच्या, लागवडीचा परवाना दिला. नशा आणणारा टीएचसी हा घटक ०.३ टक्क्यांच्या आत असला पाहिजे, ही त्यातली कळीची अट. हिमाचल प्रदेशाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर आणि नौणी येथील विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. मुंबईत २०१३ मध्ये स्थापन झालेली ‘बॉम्बे हेंप कंपनी’ या क्षेत्रातली जुनी भारतीय कंपनी आहे आणि रतन टाटा यांनी तिच्यात गुंतवणूक केली होती. कंपनी महाराष्ट्रात उभी राहावी आणि पिकाची वाट मात्र डोंगरी राज्यांनी आधी खुली करावी, हे कोरडवाहू शेतकऱ्यांच्या राज्याने विचारात घेण्यासारखे आहे.

परवान्याची कल्पना या देशाला नवी नाही. १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाने अकराशेहून अधिक साक्षी घेऊन सरसकट बंदी नाकारली. पुरेसा कर, परवान्याशिवाय लागवड नाही, दुकानांच्या संख्येवर मर्यादा आणि जवळ बाळगण्याच्या वजनावर मर्यादा, असे उपाय त्याने सुचवले. गांजाच्या विक्रीला परवानगी देणाऱ्या अमेरिकेतील राज्यांचे आजचे नियम याच चौकटीतले आहेत, फक्त तपशील वाढला आहे. कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ रोजी करमणुकीसाठीच्या गांजाची दुकाने उघडली. तिथे प्रत्येक रोपाला खूणचिठ्ठी लावून बियाण्यापासून विक्रीपर्यंत संगणकावर नोंद ठेवावी लागते, मालकाची पार्श्वभूमी तपासली जाते आणि एकवीस वर्षांखालील ग्राहकाला माल देता येत नाही. न्यू जर्सीत अशी विक्री एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली. त्या राज्यात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि त्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी: राज्याने परवाना दिला तरी केंद्राच्या कायद्यात गांजा प्रतिबंधितच आहे. अमेरिकी नागरिकत्व खात्याच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार अशा दुकानातली कायदेशीर नोकरीसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जाला आड येऊ शकते.

महाराष्ट्रात भांगेच्या पानांना एनडीपीएस लागू नसला तरी १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. त्याच्या सहासष्टाव्या कलमानुसार परवान्याशिवाय भांग बाळगणे आणि सेवन करणे गुन्हा ठरतो. अंमलबजावणी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे आहे. महाशिवरात्रीला किंवा होळीला भांग घातलेली थंडाई विकणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, कारण सण म्हणून कायद्यात सूट नाही. गुजरातने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी आपल्या दारूबंदी कायद्यातील मादक द्रव्यांतून भांग वगळली. मुंबई राज्याच्या एकाच जुन्या कायद्याचा वारसा सांगणाऱ्या दोन राज्यांत आज त्यामुळे फरक पडला आहे.

आयुर्वेदात या झाडाला विजया म्हणतात. ती घातलेली औषधे बनवण्यासाठी १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली उत्पादन परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो आणि कारखान्याला चांगल्या उत्पादनपद्धतीच्या अटी पाळाव्या लागतात. भांग आणि गांजा या कायद्याच्या नियमांतील विषारी द्रव्यांच्या ‘ई-१’ अनुसूचीत असल्यामुळे पोटात घेण्याच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, अशी सूचना छापणे सक्तीचे आहे. आयुर्वेदिक औषधे विकण्यासाठी या कायद्यात वेगळा विक्री परवाना नाही. म्हणून दुकानदाराने उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि ही सूचना वेष्टनावर पाहूनच माल भरावा.

किराणा व्यापाऱ्यासाठी वाट त्यामानाने सोपी आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेंपचे बी, बियांचे तेल आणि बियांचे पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. त्यांतील टीएचसी किलोमागे काही मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. नशेचा कोणताही इशारा वेष्टनावर चालत नाही आणि बियांशिवाय झाडाच्या दुसऱ्या भागाचे चित्रही छापता येत नाही. विकणाऱ्याकडे उलाढालीनुसार अन्नसुरक्षेची नोंदणी किंवा परवाना हवा, आणि बी परवानाधारक लागवडीतूनच आल्याचे कागद मालासोबत हवेत.